फॅट डेअरीला, सूप चुलीवर

भाज्यांचे दाटसर, मऊ आणि घशाखाली अलगद उतरणारे सूप कसे करावे, या प्रश्नाला पाश्चात्त्य पाकशास्त्राने फार दिवस एकच उत्तर दिले, आणि ते उत्तर बाटलीत भरलेले होते. हे उत्तर म्हणजे घट्ट क्रीम, अर्थात दुधातील स्निग्धांश वेगळा काढून केलेला असा पदार्थ, की ज्यात अमेरिकेच्या नियमानुसार किमान ३६ टक्के स्निग्धांश असावाच लागतो. भाज्या उकडाव्यात, वाटाव्यात आणि त्यांचे एकमेकींशी कितीही वाकडे असले तरी अखेरीस वरून क्रीम ओतून सर्वांवर पांघरूण घालावे, अशी ती रीत होती. अलीकडे वजन, हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्या धास्तीने तेच सूप क्रीमवाचून करण्याची चळवळ सुरू झाली असून, क्रीम न घालणे ही एक मोठी साधना मानली जाऊ लागली आहे. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बोरी या गावाच्या बाजूने पाहिले, तर ही साधना काहीशी संशयास्पद ठरते. कारण एखाद्या वस्तूचा त्याग करावयाचा तर ती आधी हाती असावी लागते, आणि भाजीच्या पातेल्यात ओतण्यासाठी म्हणून मलई या भागातील स्वयंपाकघरात कधी शिल्लकच राहिलेली नाही.

ती शिल्लक का राहत नाही, याचे कारण आरोग्यशास्त्रात नसून अर्थशास्त्रात सापडते. म्हशीच्या दुधात साधारणपणे ६ ते ७ टक्के आणि गाईच्या दुधात ३.५ ते ४ टक्के स्निग्धांश असतो, ही माहिती शहरातील माणसाला आहारतज्ज्ञाकडे पैसे मोजून मिळवावी लागते. मराठवाड्यातील खेड्यात ती दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ फुकट मिळते, कारण तेथे दुधाचा भावच फॅट आणि एसएनएफ या दोन आकड्यांवर ठरतो. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश वगळता दुधात उरणारे प्रथिने, साखर आणि क्षार यांसारखे घन पदार्थ. ज्या गृहस्थाने स्वतःचे कोलेस्टेरॉल जन्मात कधी तपासलेले नसते, त्याला आपल्या म्हशीची फॅट दशांश चिन्हानंतरच्या आकड्यापर्यंत पाठ असते, आणि ती एखाद्या दिवशी कमी लागली तर म्हशीपासून सरकीच्या पेंडीपर्यंत सर्वांची चौकशी होते. अशा घरात स्निग्धांश हा चवीचा विषय नसून जमाखर्चाचा विषय असतो.

डेअरीला दूध घालून जे घरी उरते, त्याच्या सायीचे भवितव्यही आधीच ठरलेले असते. ती रोज काढून एका भांड्यात साठवावयाची, विरजण लावावयाचे, चार-सहा दिवसांनी घुसळून लोणी काढावयाचे, लोणी कढवून तूप करावयाचे, तळाशी उरलेल्या बेरीत साखर घालून ती मुलांना द्यावयाची, आणि या सर्व व्यवहारात निघालेले ताक घरात पुरवून उरले तर शेजारी पाठवावयाचे. एका सायीतून लोणी, तूप, बेरी, ताक आणि शेजारधर्म अशा पाच वस्तू निघत असताना तीच साय कोणी दुधी भोपळ्याच्या पाण्यात ओतू लागला, तर घरातील वडीलधारी बाई त्या कृत्याला पाककृती म्हणणार नाही. ती त्याला दुसरेच काही म्हणेल, आणि ते विद्वत्तापूर्ण लेखात छापता येणार नाही.

क्रीमविरहित वसंत-भाज्यांचे सूप असे या सुपाचे पूर्ण नाव सांगतात. त्यातील दुसरा शब्द वसंत हा होय, आणि तोही बोरीत तपासूनच घ्यावा लागतो. युरोपात हिवाळाभर कंद आणि कोबी यांवर काढल्यानंतर वसंतात शतावरीचे कोंब आणि कोवळे वाटाणे बाजारात येतात, तेव्हा त्या आनंदाचे सूप होते. पंचांगही चैत्र आणि वैशाख या दोन महिन्यांना वसंत ऋतूच म्हणते. परंतु परभणीच्या तापमापकाला पंचांग वाचता येत नाही, आणि मे महिन्यात तो ४२ अंशांच्या पुढे जातो. युरोपात ज्या ऋतूत भाजी जमिनीतून वर येते, त्या ऋतूत येथे ती जमिनीतच करपते. जिंतूर तालुक्यातील बाजारात चैत्रात पालक दिसतो, तो ओल्या गोणपाटाखाली झाकलेला असतो. विक्रेता त्यावर दर थोड्या वेळाने पाणी शिंपडतो, आणि सकाळी दहा वाजेपर्यंत त्या जुडीची मान जी पडते ती पुन्हा वर येत नाही. मेथी आणि कोथिंबीर यांचे भाव या काळात विचारण्यापुरतेच असतात. विहिरीला किंवा बोअरला पाणी असलेल्या शेतातून दुधी, दोडका, गवार, भेंडी, कांद्याची पात आणि काकडी येते, आणि बांधावरचा शेवगा कोणाच्याही परवानगीवाचून शेंगा देत राहतो.

या तुटवड्यावर मराठवाड्याने काढलेला तोडगा असा, की वसंतातील भाजी हिवाळ्यातच उरकून घ्यावी. हरभऱ्याचे पीक कोवळे असताना त्याचे शेंडे खुडतात, त्याने झाडाला फांद्या अधिक फुटतात आणि खुडलेला पाला भाजीला येतो. तो ताजा खाऊन उरला की वाळवून, चुरून डब्यात भरून ठेवतात. चैत्र-वैशाखात हाच वाळलेला पाला पाण्यात भिजतो, डाळीच्या किंवा ज्वारीच्या पिठासह शिजतो आणि लसणाच्या फोडणीखाली पुन्हा हिरव्या भाजीच्या हुद्द्यावर रुजू होतो. म्हणजे या प्रदेशातील वसंतातली अस्सल पालेभाजी ही मार्गशीर्षातील असते, आणि तिचा रंग हिरवा आहे असे मानणे हा सौजन्याचा भाग असतो. तथापि तिची पातळ भाजी वाटीत घेऊन पाहिली, तर दाट, मऊ, खमंग आणि क्रीमचा थेंबही नसलेले भाज्यांचे सूप याहून निराळे काय असते, हे सांगणे कठीण आहे.

येथे शास्त्रीय चिकित्सा आवश्यक ठरते. क्रीम सुपात नेमके काय करते, हे कळल्याशिवाय त्याची जागा कोणी घ्यावी हे ठरविता येत नाही. पहिले, ते दाटपणा देते. दुसरे, त्यातील स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म गोलक प्रकाश चहूकडे विखुरतात, त्यामुळे सूप फिके, दुधाळ आणि किंचित श्रीमंत दिसते. तिसरे, तेच गोलक जिभेवर पातळ थर धरतात, त्यामुळे भाजीचा खरखरीतपणा आणि आंबटपणा बोथट होतो. चौथे कार्य सामाजिक आहे, आणि ते असे की पाहुण्यांना आपल्यावर खर्च झाल्याची खात्री पटते. पहिली तीन कार्ये पीठ, कूट आणि ताक मिळून बिनतक्रार करतात. चौथ्यासाठी वरून तूप सोडावे लागते, आणि ते पाहुणे पाहत असतानाच सोडावयाचे असते.

दाटपणाच्या बाबतीत तर फ्रेंचांचाही सर्व भरवसा क्रीमवर नव्हता. ऑग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच आचार्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथात दाट सुपांचे वर्ग पाडले आहेत. त्यांतील एका वर्गात भाजी किंवा डाळ शिजवून गाळतात आणि तिचा स्वतःचा पिष्टांशच तिला धरून ठेवतो, तर क्रीमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुपांचा पाया बेशामेल नावाचा असतो. बेशामेल म्हणजे लोण्यात मैदा परतून त्यात दूध घालून आटविलेला पांढरा रस्सा, आणि क्रीम त्यात शेवटी येते. म्हणजे श्रेय क्रीमला मिळाले तरी ओझे मैद्यानेच वाहिले. पहिल्या वर्गाचा विचार केला तर प्रत्येक मराठी घरात रोज दुपारी एक फ्रेंच सूप शिजते आणि त्याला वरण म्हणतात, परंतु हा दावा फार ताणू नये, कारण मग हिंगाचा खुलासा करावा लागेल.

पातळ पदार्थाला पीठ लावून दाट करण्याच्या क्रियेला मराठीत आळण लावणे म्हणतात, आणि मराठवाड्यात तर बेसन लावून केलेल्या पातळ, तिखट पदार्थालाच आळण म्हणतात. तो भाकरीबरोबर खातात आणि घरात भाजी नसल्याचे दुःख त्याने पूर्णपणे झाकले जाते. आळणामागील कारणमीमांसा अशी, की पिठातील पिष्टाचे कण थंड पाण्यात निमूट बसून राहतात, परंतु पाणी साधारण ६० ते ७५ अंशांपर्यंत तापले की ते पाणी शोषून फुगतात, त्यांच्यातून लांब रेणू बाहेर पडतात आणि मोकळ्या पाण्याची हालचाल कोंडली जाते. ज्वारीच्या पिष्टाला गव्हाच्या पिष्टापेक्षा किंचित अधिक उष्णता लागते, म्हणून ज्वारीचे पीठ लावलेले सूप आधी काहीच घडत नसल्याचा आभास निर्माण करते. अधीर माणूस आणखी पीठ घालतो, आणि त्यानंतर सर्व पीठ एकदम कामाला लागून पातेल्यात सुपाऐवजी उकडपेंडी उभी राहते. कोरडे पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकणाऱ्याची गत वेगळी होते, कारण प्रत्येक गोळीचा बाहेरचा थर आधी फुगून आतल्या कोरड्या पिठाला कुलूप लावतो, आणि गाठी होतात. अशी गाठ नेमकी पाहुण्याच्याच वाटीत जाते. याला अद्याप शास्त्रीय स्पष्टीकरण नाही.

ज्वारीच्या बाबतीत परभणीकडे थोडे अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क आहे. १८ मे १९७२ रोजी येथे स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी मोती यासारखे टपोऱ्या दाण्याचे वाण दिले, आणि २०१८ साली आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था इक्रिसॅटच्या सहकार्याने परभणी शक्ती हा लोह आणि जस्त अधिक असलेला वाण प्रसारित केला. याच विद्यापीठाची परभणी क्रांती ही भेंडी हळद्या रोगाला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूला दाद न देण्याबद्दल देशभर नाव कमावून बसली. भेंडीचा येथे उल्लेख अवांतर नाही. तिच्यातील चिकट द्रव्य हे उत्तम दाटकारक असून अमेरिकेतील लुइझियाना राज्यात गंबो नावाचा रस्सा त्याच्याही बळावर दाट करतात. परंतु परभणीतील गृहिणी भेंडी धुऊन, पुसून, वाळवून आणि आमसूल किंवा लिंबू दाखवून तो चिकटपणा घालविण्यासाठी जितके श्रम घेते, ते पाहता तिच्यापुढे गंबोचा विषय न काढलेलाच बरा.

पिठाच्या जोडीला दाण्याचे कूट येते. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल आणि सुमारे पाव हिस्सा प्रथिने असतात. भाजलेले दाणे कुटून रश्श्यात उकळले की तेल हळूहळू सुटते, प्रथिने त्यातील काही भागाला धरून ठेवतात, आणि उरलेले तेल वर तवंग होऊन चमकते. क्रीममध्ये म्हशीने जे केले तेच येथे वेलाने केलेले असते. मराठवाड्यातील गरगट्टा हा प्रकार, ज्यात पालेभाजी, डाळ आणि दाणे एकत्र शिजवून रवीने किंवा पळीने घोटतात, तो या तत्त्वाचा पूर्ण आविष्कार होय. सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमेकडे तर करडई भिजवून, वाटून, गाळून तिचे पांढरे दूध काढतात आणि ते खिरीत घालतात. शहरांतील क्रीमविरोधी मंडळी आज सुपात काजूची पेस्ट किंवा बदामाचे दूध घालतात आणि क्रीम टाळण्यासाठी क्रीमपेक्षा महाग वस्तू वापरतात, त्यांच्या कानावर करडई अद्याप गेलेली दिसत नाही. ती गेली की तिचाही भाव वाढेल, म्हणून हे वाक्य येथेच आवरते घेणे इष्ट.

झटपट सुपाच्या क्षेत्रातही हा प्रदेश मागे नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये युलियुस मागी यांनी १८८६ साली कडधान्यांच्या पिठाची तयार सुपे बाजारात आणली, ती कारखान्यात राबणाऱ्या आणि चुलीपाशी उभे राहण्यास वेळ नसलेल्या कुटुंबांसाठी. पुढे त्यांच्या आडनावाचे भारतात काय झाले, हे येथील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. मराठवाड्यात त्याच कामासाठी येसर असते. बाजरी, गहू किंवा ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने आणि खडा मसाला वेगवेगळा भाजून एकत्र दळले की येसर होते, आणि ते डब्यात महिनोन्महिने टिकते. फोडणीत पाणी उकळावे, पाण्यात कालवलेले येसर सोडावे, म्हणजे दाटपणा, रंग आणि मसाला एकाच चमच्यात मिळून आमटी तयार होते. फरक इतकाच, की मागींच्या पाकिटावर प्रमाण छापलेले असते, आणि येसराचे प्रमाण सासूकडून सुनेकडे तोंडी जाते व जाताना त्यातील एखादी वस्तू हटकून गाळली जाते.

परंतु या विषयातील सर्वोच्च सिद्धी म्हणजे ताकातली पालेभाजी. पालक किंवा चाकवत शिजवून घोटावा, त्यात भिजलेली हरभऱ्याची डाळ आणि दाणे असावेत, बेसन कालवलेले ताक घालून मंद आचेवर दाट करावे, आणि वरून लसूण-मिरचीची तुपातील फोडणी ओतावी. ताकातून लोणी आधीच काढून घेतलेले असते, म्हणजे क्रीम काढून घेतल्यानंतर उरलेल्या द्रवातून क्रीमचे सुख निर्माण करण्याचा हा प्रकार आहे. यात एक धोका असतो. ताकातील केसीन नावाची प्रथिने आंबटपणामुळे आधीच एकमेकांना चिकटण्याच्या बेतात असतात, आणि उष्णता मिळताच ती घट्ट गोळा होऊन पाणी बाहेर टाकतात. यालाच ताक फुटणे म्हणतात. बेसनातील पिष्ट या प्रथिनांच्या मध्ये शिरून, लग्नाच्या पंगतीत दोन भांडखोर भावांच्या मधोमध मुद्दाम बसविलेल्या मामांप्रमाणे, त्यांना एकमेकांच्या अंगावर जाऊ देत नाही. मात्र मामांनाही मर्यादा असतात. आच मोठी ठेवली आणि ढवळणे थांबविले तर कोणाचेच चालत नाही. पळी एकाच दिशेने फिरवावी असा दंडक घरोघर सांगितला जातो. केसीनला दिशा कळत नाही, परंतु दंडक पाळणारी व्यक्ती पातेल्यापासून हलत नाही, आणि खरे काम त्याने होते. ज्या घरात या वेळी फोन वाजतो तेथे ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही जुनी उक्ती सुपालाही लागू पडते.

ही सर्व परंपरा घरात नांदत असताना सूप या नावाचा पदार्थ बोरीच्या परिसरात प्रथम भेटला तो लग्नात. पूर्वी पंगत बसे, पत्रावळीवर वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी आणि द्रोणात मठ्ठा येई, आणि सर्वांना सर्व एकदम मिळे. मंगल कार्यालये आली, त्यांच्यामागून बुफे आला, आणि बुफेच्या तोंडाशी स्टार्टर नावाचे टेबल आले. लग्नसराई नेमकी वैशाखात असल्याने, सावलीतही अंग भाजत असताना, टोप्या आणि फेटे घातलेली मंडळी कागदी कपात वाफाळते टोमॅटो सूप घेऊन उभ्याने फुंकर घालीत असल्याचे दृश्य या प्रदेशात दिसू लागले. या सुपाला पाटीवर क्रीमचे नाव असते. प्रत्यक्षात त्याच्या दाटपणाची जबाबदारी संपूर्णपणे कॉर्नफ्लॉवरवर असते, रंगाची बिटावर, आणि क्रीमचे अस्तित्व वर ओढलेल्या एका पांढऱ्या वेटोळ्यापुरते मर्यादित असते, तेही पहिल्या पन्नास पाहुण्यांपर्यंत. बाजारात मिळणाऱ्या डबाबंद क्रीममध्ये २५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. त्या वेटोळ्यातून एका कपात तो किती उतरतो, हे डेअरीच्या यंत्रालाही मोजता येणार नाही.

या टेबलापाशी पाहुण्यांचे वर्तन अभ्यसनीय असते. तरुण मंडळी सूप घेऊन त्याचे छायाचित्र काढतात. लहान मुले त्यातील तळलेले पावाचे तुकडे वेचून खातात आणि उरलेले द्रव्य आईच्या हाती देतात. ज्येष्ठ पुरुष एक घोट घेऊन वाढप्याला विचारतात, ‘कढी हाय का रे बाबा, ही?’ आणि नकारार्थी उत्तर मिळाल्यावर ‘मग आळन असंल’ असा निष्कर्ष काढून भाकरी शोधू लागतात. भाकरी नसल्याने त्यांचा काही काळ गोंधळ होतो, कारण दाट, तिखट-आंबट द्रव कशाबरोबरही न खाता नुसता पिऊन टाकावयाचा आणि त्यानंतर जेवण सुरू करावयाचे, ही कल्पना त्यांना जेवण संपल्यावर पान न खाता पुन्हा हात धुण्यासारखी निरर्थक वाटते. ज्येष्ठ स्त्रिया काहीच बोलत नाहीत. त्या कप तिरका करून त्याच्या कडेवर सूप किती धरते ते पाहतात, आणि किती पीठ लावले आहे याचा अंदाज शेजारणीच्या कानात सांगतात. हा अंदाज बहुधा अचूक असतो.

दाटपणा मोजण्याच्या पद्धतींतही असाच सांस्कृतिक भेद आहे. फ्रेंच आचारी चमचा सुपात बुडवून त्याच्या पाठीवर बोट ओढतो, आणि ओढलेली रेघ टिकली तर सूप उतरले असे मानतो. बोरीच्या परिसरात अंतिम प्रमाण भाकरीचे आहे. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा बुडविला असता रस्सा त्यावर तोंडापर्यंत टिकला पाहिजे, वाटेत मनगटावर ओघळता कामा नये. आणि भाकरी कुस्करून काला केला असता तो ओला राहिला पाहिजे, पण ताटात वाहू नये. भाताबरोबर खावयाचे असल्यास भातात केलेल्या आळ्यात तो थांबला पाहिजे. चमचा ज्या पदार्थाला लागतो तो एक तर औषध असतो किंवा श्रीखंड, असा या परिसरातील साधारण समज असल्याने, सुपाला चमचा दिल्यास आजारी कोण आहे याची विचारपूस होण्याचा संभव असतो.

आता प्रत्यक्ष कृती. चार माणसांसाठी पाव किलो कोवळा दुधी, दोन शेवग्याच्या शेंगा, कांद्याच्या पातीची लहान जुडी, मूठभर पालकाची पाने आणि दोन मोठे चमचे मुगाची डाळ घ्यावी. पातीचा पांढरा भाग चमचाभर तुपात मऊ होईपर्यंत परतावा, लाल होऊ देऊ नये. त्यावर दुधीच्या फोडी, धुतलेली डाळ आणि चार वाट्या पाणी घालून डाळ विरघळेपर्यंत शिजवावे. शेंगा वेगळ्या उकडून, उभ्या चिरून, त्यांचा गर चमच्याने खरवडावा. हे काम सावकाश होते, आणि शेवग्याच्या गरातच सुपाला खरा गुळगुळीतपणा देणारे द्रव्य असल्याने ते टाळता येत नाही. शेंगेचे दोर मात्र सुपात जाऊ देऊ नयेत, अन्यथा खाणाऱ्याला दात आणि सूप यांपैकी एकाची निवड करावी लागते. दुधी, डाळ आणि गर एकत्र घोटून चाळणीतून काढावेत. मोठा चमचाभर ज्वारीचे पीठ वाटीभर ताज्या, आंबट न झालेल्या, गार ताकात गाठी न राहता कालवावे, ते मंद आचेवरील सुपात ओतावे आणि आठ-दहा मिनिटे ढवळत राहावे, म्हणजे पिठाचा कच्चट वास जातो. मीठ, मिरपूड आणि चिमूटभर जिरेपूड पुरते.

घोटण्यासाठी रवी की मिक्सर, हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही, कारण तो बहुधा वीज कंपनीच सोडविते. मिक्सर वापरावयाचा असल्यास भाज्या आधी निवू द्याव्यात. गरम द्रव भांड्यात फिरू लागताच आतील वाफ एकदम वाढते, झाकण उडते, आणि सुपाचा मोठा वाटा भिंतीवर जातो. घोटलेली भाजी भिंतीवरून काढण्यापेक्षा भिंत रंगवणे स्वस्त पडते.

पालक मात्र शेवटी येतो, आणि त्यामागे कारण आहे. पानांचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे असतो, त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. उष्णता आणि आंबटपणा एकत्र मिळाले की तो अणू निसटतो आणि हिरवा रंग पोलिसांच्या गणवेशाकडे झुकू लागतो. ताजे ताकही थोडे आंबट असतेच, त्यामुळे हे येथे हमखास घडते. म्हणून पाने मिनिटभर उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात टाकावीत, वाटून ठेवावीत आणि सूप खाली उतरवल्यावर मिसळावीत. काही घरांत रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालतात; त्याने भाजी हिरवीगार राहते खरी, परंतु तिचा लगदा होतो आणि तिच्यातील काही जीवनसत्त्वे नष्ट होतात. सूप वाढताना वर तुपातील लसणाची फोडणी द्यावी, किंवा शहरातील पाहुणे असल्यास पातीचे हिरवे तुकडे पसरून तिला फोडणी न म्हणता सजावट म्हणावे. तूप चमचाभर पुरते. ते सायीतूनच आलेले असल्याने, सूप पूर्णपणे मलईविरहित आहे असे शपथेवर सांगणे अवघड जाते. पण डेअरीच्या पावतीत या चमच्याची नोंद होत नाही.

उरलेले सूप शीतकपाटात दोन-तीन दिवस टिकेल असे पाश्चात्त्य पुस्तके आश्वासन देतात. बोरीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. शिजलेले पिष्ट गार झाले की त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना धरतात, आणि रात्री वाटीत वाहणारे सूप सकाळी पातेल्यात चाकूने कापता येईल असे बसलेले असते. पाणी घालून ते पुन्हा सूप होऊ शकते. परंतु सकाळी कोणीही ते करीत नाही. त्यात ज्वारीचे पीठ आणि थोडे बेसन, तिखट, ओवा, तीळ घालून पीठ मळले जाते, ओल्या फडक्यावर थापले जाते, आणि तव्यावर धपाटे पडतात. घरातील जी मंडळी आदल्या रात्री सूप पाहून जेवायला कंटाळली होती, ती सकाळी धपाट्यांना नेहमीपेक्षा मऊपणा कसा आला असे विचारीत दह्याची वाटी पुढे ओढतात, आणि दह्यावर साय आहे की नाही हे बोटाने तपासून पाहतात.